चेक परत आला, त्याचा खर्च

नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या भाडेकरारात मी भाड्याची तारीख पाच लिहीत नाही, दहा लिहिते. घरमालक कुरकुरतात, ‘ताई, सगळीकडे पाच असते’ म्हणतात. पण इथे खोली घेणारा बहुतेक थर्मलमध्ये, म्हणजे इथल्या औष्णिक वीज केंद्रात, ठेकेदाराकडे कामाला असतो. पगार सात तारखेपर्यंत झाला पाहिजे असं कायदा म्हणतो आणि ठेकेदार ‘बिल पास व्हायचंय’ म्हणतो. पाच तारीख लिहिली की पहिल्याच महिन्यात दोघं माझ्या काउंटरवर भांडायला येतात. त्यांचं भांडण ऐकण्यापेक्षा आधीची कुरकुर बरी.

माझं दुकान म्हणजे झेरॉक्स, पासपोर्ट फोटो, लाइट बिल आणि ऑनलाइन भाडेकरार. घरमालक, भाडेकरू आणि दोन साक्षीदार यांचे अंगठे स्कॅनरवर घ्यायचे, आधारशी जुळले की दस्त नोंदणीला पाठवायचा. वेल्डरचे अंगठे जुळत नाहीत, इतके घासलेले असतात. मग ओला रुमाल, मग दुसरं बोट, मग ‘दादा, उद्या सुट्टीला या’. मुद्रांक शुल्क पूर्ण मुदतीच्या भाड्यावर पाव टक्का. नोंदणी फी महापालिकेच्या हद्दीत हजार रुपये आणि ग्रामपंचायतीच्या हद्दीत पाचशे, त्यामुळे माझा पहिला प्रश्न ‘खोली कुठल्या हद्दीत?’ असतो. सिन्नर फाट्याकडून येणारा रस्ता महापालिकेतून निघतो आणि एकलहरे गावात ग्रामपंचायत आहे. रस्ता एकच, फी दोन.

पूर्वी इथे भाड्याच्या खोल्यांचा एवढा व्याप नव्हता. थर्मलचे पहिले दोन संच १९७० आणि ७१ सालचे, १४० मेगावॅटचे. पुढे १९७९ ते ८१ मध्ये २१० चे तीन आले. माणसं कायमची होती, कॉलनीत क्वार्टर होती. २०११ साली जुने दोन संच बंद पडले, त्यांच्या जागी ६६० मेगावॅटचा नवा संच आणा ही मागणी तेव्हापासून चालू आहे. मधल्या काळात कायमची माणसं निवृत्त होत गेली आणि ओव्हरहॉलला येणारी, वर्ष-दोन वर्षं राहून दुसऱ्या थर्मलला जाणारी पोरं वाढली. कोराडी, परळी, चंद्रपूर, भुसावळ, एकलहरे असा त्यांचा फेरा. आणि निवृत्त झालेल्यांनी फंडाच्या पैशातून घरावर मजला चढवून त्याच पोरांना खोल्या दिल्या.

असेच एक अण्णा. नोकरी थर्मलमध्येच झालेली, आता घराच्या वर चार खोल्या, त्यांवर थोडं कर्ज. घर हद्दीच्या अलीकडे, महापालिकेत. त्यांनी करार माझ्याकडे केला नव्हता. पाचशेच्या स्टॅम्पवर टाइप करून नोटरी मारून आणला होता. ‘अकरा महिन्यांचाच आहे, रजिस्टर कशाला?’ हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता वादच घालत नाही. वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची नसते, ही नोंदणी कायद्याची जुनी गोष्ट लोकांच्या डोक्यात पक्की बसली आहे. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ ने मुदत कितीही असो, लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदलेला हवा असं केलं, आणि नोंदायची जबाबदारी घरमालकावर टाकली. नोंदला नाही तर अटींबद्दल भाडेकरू म्हणेल ते खरं धरलं जातं. उलट सिद्ध करणं घरमालकाच्या गळ्यात. वर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. अण्णांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, ‘आजवर कोणाला झालीय शिक्षा?’

त्यांचा भाडेकरू चंद्रपूरकडचा, बॉयलरच्या नळ्या जोडणारा एचपी वेल्डर. भाडं साडेसहा हजार. हल्ली भाडं फोनवरून येतं, पण अण्णांनी पोराकडून पुढच्या तारखांचे चेक घेऊन ठेवलेले. फोनवरचे पैसे द्यायचे की नाही हे देणाऱ्याच्या मनावर, चेक मात्र आपल्या कपाटात, असा त्यांचा हिशोब. एका महिन्याचा चेक पाच तारखेचा. अण्णांनी सकाळीच टाकला. पूर्वी चेक टाकला तरी खात्यातून जायला एक दिवस लागायचा, तेवढ्यात कोणाकडून तरी उसने आणून भरता यायचे. ४ ऑक्टोबर २०२५ पासून चेक दिवसभर वटत राहतात, सकाळचा चेक संध्याकाळपर्यंत निकालात निघतो. पोराला हे माहीत नव्हतं. संध्याकाळी मेसेज आला: अपुरी शिल्लक. त्याने अण्णांना फोन करून ‘पगार झाला की देतो, तोवर चेक नका टाकू’ म्हटलं. अण्णांनी नऊ तारखेला तोच चेक पुन्हा टाकला. तीन महिन्यांच्या मुदतीत चेक कितीही वेळा टाकता येतो, त्यात अण्णांचं काही चुकलं नाही. तो पुन्हा परत आला.

चौदाला पगार झाला आणि दोघं माझ्याकडे आले. अण्णांच्या हातात वहीचं पान होतं:

भाडं ६,५००
बँक चार्ज, दोनदा ३५४
वकील नोटीस २,०००
पेट्रोल ३००
उशीर, ९ दिवस ९००
माझा हप्ता चुकला, त्याचा दंड ५९०
मनस्ताप १,०००

खाली रेघ आणि ११,६४४. त्याच्याखाली अधोरेखित ‘अकरा हजार सहाशे चालतील’. चव्वेचाळीस रुपये सोडल्याचं औदार्य त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

दुकान टाकायच्या आधी मी नाशिकरोडला एका वकिलांकडे टायपिंग करायचे. चेकच्या नोटिशी तिथे रोज निघायच्या, त्यामुळे ही यादी मला ओळखीची होती. फक्त मनस्ताप बहुतेक लोक पाच हजार धरतात.

मी पेन घेतलं आणि ओळीनं सुरुवात केली. भाडं द्यायचंच, त्यावर पोराचंही काही म्हणणं नव्हतं. चेक परत आल्याचे अण्णांच्या खात्यातून दीडशे आणि अठरा टक्के जीएसटी मिळून १७७ गेले होते. अण्णांच्या करारात याबद्दल एक अक्षर नव्हतं. तरी पहिले १७७ पोरानं द्यायचे, कारण करार मोडल्यामुळे सरळ जे नुकसान होतं ते १८७२ च्या करार कायद्याचं कलम ७३ भरून देतं आणि बँकेच्या पासबुकात ती नोंद होती. दुसऱ्या १७७ ला मात्र मी कंस केला. ‘थांबा, पैसे नाहीत’ असं कळवल्यानंतर टाकलेला चेक. नुकसान टाळायचं साधन हातात असताना टाळलं नाही, तर तेही विचारात घ्यावं असं त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात आहे. अण्णा म्हणाले, ‘म्हणजे मी त्याच्या शब्दावर बसून राहायचं?’ बसून राहायचं नसेल तर दुसऱ्यांदा टाका, पण त्याचा खर्च तुमचा, असं मी म्हटलं.

उशिराच्या नऊशेची गंमत वेगळी. अण्णांच्या करारात ‘भाडे विलंबास प्रतिदिन रु. १००’ हे वाक्य ठळक अक्षरात होतं. म्हणजे बँकेचा जो खर्च खरोखर झाला तो करारात नव्हता, आणि जो झालाच नाही तो होता. साडेसहा हजारांवर रोजचे शंभर म्हणजे वर्षाला साडेपाचशे टक्क्यांच्या वर जातं, सावकारही लाजेल. कलम ७४ सांगतं, करारात आकडा लिहिला म्हणून तो मिळतोच असं नाही. तो वरची मर्यादा, त्याच्या आत कोर्टाला वाजवी वाटेल तेवढं. वाजवी म्हणजे किती, याचा एक अंदाज भाडे कायद्यातच आहे. कलम १५ खाली थकबाकीसाठी घर खाली करून मागायचं तर घरमालकाला आधी नोटीस देऊन नव्वद दिवस थांबावं लागतं. दावा लागल्यावरही समन्स मिळाल्यापासून नव्वद दिवसांत भाडेकरूनं थकबाकी, त्यावर वर्षाला पंधरा टक्के सरळ व्याज आणि कोर्ट ठरवेल तो दाव्याचा खर्च भरला, आणि पुढेही भाडं देत राहिला, तर घर जात नाही. लिव्ह अँड लायसन्सवर राहणारा कायद्याच्या हिशोबात भाडेकरूच नसतो, त्याला हे संरक्षण नाही. तरी दराचं माप म्हणून धरलं तर साडेसहा हजारांचं नऊ दिवसांचं पंधरा टक्क्यांनी व्याज चोवीस रुपये. मी कॅल्क्युलेटर अण्णांसमोर धरला. त्यांनी तो हातात घेऊन स्वतः पुन्हा केला.

(हा भाडे कायदा परिशिष्टात दिलेल्या क्षेत्रांपुरता आहे, सरसकट प्रत्येक गावाला नाही. जिथे तो नाही तिथे १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा. त्याच्या कलम ११४ मध्येही गोष्ट तीच: दाव्याच्या सुनावणीला थकलेलं भाडं, व्याज आणि दाव्याचा पूर्ण खर्च भाडेकरूनं पुढे केला तर कोर्ट त्याला राहू देऊ शकतं. इंग्रजांच्या काळापासून कायद्याला माहीत आहे की भाडं चुकतं, आणि चुकल्याची किंमत व्याज नि खर्च एवढीच असावी.)

मग हप्ता. या ओळीवर अण्णा सगळ्यात जास्त पेटले, आणि खरं सांगायचं तर मला त्यांची बाजू इथेच सर्वांत जास्त पटत होती. भाड्याचे पैसे ज्या खात्यात येतात त्यातूनच मजल्याच्या कर्जाचा हप्ता जातो. भाडं आलं नाही, हप्ता परत गेला, पाचशे अधिक जीएसटी असे ५९० कापले गेले, आणि सिबिल बिघडेल ही भीती वेगळी. पोराचा चेक परत आला नसता तर हे झालंच नसतं. तरीही कायदा इथे हात आखडतो. १८५४ साली इंग्लंडात ग्लॉस्टरच्या एका गिरणीचा मोडलेला दांडा पोचवायला वाहतूकदारानं उशीर केला, गिरणी बंद राहिली, मालकानं बुडालेला नफा मागितला. कोर्ट म्हणालं, गिरणी त्या एका दांड्यावर अडली आहे हे तुम्ही त्याला सांगितलं होतं का? हॅडली विरुद्ध बॅक्सेंडेल हा खटला आमचे वकीलसाहेब ज्युनिअरांना चहा पिता पिता ऐकवत, म्हणून टायपिस्टलाही पाठ. आपलं कलम ७३ त्याच विचाराचं आहे. करार करताना दोघांना जे माहीत होतं, किंवा नेहमीच्या व्यवहारात जे आपसूक घडतं, तेवढंच नुकसान. मी पोराला विचारलं, अण्णांचा हप्ता कधी असतो माहीत होतं का? तो म्हणाला, ‘मला का माहीत जी ताई, मी तं खोली पाहाले आलो होतो.’ आणि अण्णांच्या दुसऱ्या खात्यात पैसे होते, हे त्यांनीच बोलण्याच्या ओघात सांगून टाकलं होतं.

पेट्रोलवर मी काही बोलले नाही, मनस्तापावरही नाही. करार मोडल्याच्या भरपाईत मनस्ताप सहसा धरत नाहीत. पण समोरच्या माणसाला मनस्ताप झालेला दिसत असताना ‘तो धरत नाहीत’ असं तोंडावर सांगू नये, एवढं काउंटरवर बसून कळतं.

उरली वकिलाची नोटीस. ती अजून निघालीच नव्हती. दोन हजार हा धमकीचा भाव होता. ‘एकशे अडतीस लावतो’ हे वाक्य नाशिकरोड ते एकलहरे या पट्ट्यात प्रत्येक घरमालकाला येतं. परक्राम्य संलेख कायदा हे त्या कायद्याचं नाव कोणाला येत नाही, आकडा येतो. हे कलम १८८१ च्या मूळ कायद्यात नव्हतं. १९८८ च्या दुरुस्तीनं आलं आणि १ एप्रिल १९८९ पासून लागू झालं. दोन वर्षांपर्यंत कैद, चेकच्या दुपटीपर्यंत दंड. पण तिथवर जायची वाट पायऱ्यापायऱ्यांची आहे. चेक परत आल्याचं बँकेनं कळवल्यापासून तीस दिवसांत लेखी नोटीस. नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत पैसे दिले तर गुन्हाच नाही. न दिले तर पुढच्या एका महिन्यात तक्रार.

टायपिस्ट म्हणून मी जे शिकले ते त्या नोटिशीतल्या आकड्याबद्दल. पक्षकार येऊन सांगायचे, सगळं घाला त्यात, मागची थकबाकी, लाइट बिल, रंगाचा खर्च. साहेब ओरडायचे: चेक जेवढ्याचा तेवढा आकडा आधी, स्वतंत्र. २००७ च्या राहुल बिल्डर्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं, चेकची रक्कम न मागता एकूण थकबाकीच मागणारी नोटीस कुचकामी ठरवली. नोटिशीचा खर्च, व्याज, बँक चार्ज मागता येतात, पण वेगळे दाखवून. २००० च्या सुमन सेठी प्रकरणात ते मान्य झालं. आणि त्याच निकालातली दुसरी बाजू घरमालकांना कोणी सांगत नाही. पंधरा दिवसांत नुसती चेकची रक्कम भरली की फौजदारी संपते. नोटिशीचे दोन हजार हवे असतील तर दिवाणी दावा करा. दोन हजारांसाठी दिवाणी दावा केलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही.

तक्रार कुठे करायची, हाही या पोरांच्या बाबतीत प्रश्न होता. त्याचं खातं गावाकडच्या शाखेत. २०१४ मध्ये दशरथ राठोड प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं होतं की चेक ज्या बँकेवर काढला तिथल्या कोर्टात जा. तो नियम राहिला असता तर अण्णांना साडेसहा हजारांसाठी चंद्रपूर गाठावं लागलं असतं. त्या वर्षी आमच्या ऑफिसातून फायलींचे गठ्ठे परत आलेले आठवतात. २०१५ च्या दुरुस्तीनं ते उलटलं. आता चेक ज्यानं आपल्या खात्यात भरला त्याच्या शाखेच्या ठिकाणी तक्रार होते. म्हणजे खेटे आता पोरानं घालायचे, आणि ओव्हरहॉल संपल्यावर तो परळीला असणार.

हे सगळं अण्णांना मी एवढं ओळीनं सांगितलं नाही. पानावर कंस करत गेले, ते बघत गेले. त्या वेळात पोरगा गप्प होता. मग त्यानं मोबाइल काउंटरवर ठेवून स्टेटमेंट उघडलं. पगार सकाळी पडला आणि त्याच मिनिटाला चेक परत आल्याचे दोन वेळचे ५९० असे ११८० रुपये बँकेनं ओढून घेतले होते. ‘माहा तं दंड भरून झाला अण्णा,’ तो म्हणाला. अण्णांनी चष्मा वर करून आकडा वाचला. त्यांना वाटत होतं चार्ज फक्त आपल्याला लागतो.

मी पानाच्या मागे वेगळी बेरीज केली. पोराचे ११८०, अण्णांचे चेकचे ३५४, हप्त्याचे ५९०. एकूण २,१२४. त्यातले अठराशे बँकांचे आणि ३२४ जीएसटीचे. साडेसहा हजारांचं भाडं नऊ दिवस उशिरा आलं म्हणून. ज्या ठेकेदारानं सातचा पगार चौदाला केला त्याच्या खात्यातून एक रुपया गेला नाही, उलट सगळ्या कामगारांचे पैसे आठवडाभर त्याच्याकडे राहिले. घरमालक भाडेकरूकडून खर्च मागू शकतो, त्यासाठी कलमं आहेत, निकाल आहेत, वर मी आहे. भाडेकरूनं त्याचे ११८० ठेकेदाराकडून मागावेत असा करार माझ्या दुकानात कधी कोणी टाइप करायला आणलेला नाही. मागितले तर पुढच्या ओव्हरहॉलला बोलावणार नाहीत, हे पोरगाही जाणतो. मला हे खटकतं आणि त्यावर माझ्याकडे कलम नाही.

शेवटी ६,५०० आणि १७७ ठरले. चोवीस रुपये व्याजाचं अण्णा म्हणाले, ‘ठेव, चहा पी त्याचा.’ पैसे फोनवरून गेले. मी पावती छापली: कुठल्या महिन्याचं भाडं, चेक नंबर, परत आल्याचा खर्च वेगळ्या ओळीत, चेक परत दिला. पावती देणं घरमालकाचं काम आहे, पण अण्णांच्या पिढीला पावती मागणं म्हणजे अविश्वास वाटतो, म्हणून ती मीच पुढे सरकवते आणि सहीची जागा दाखवते. पोरानं पुढच्या महिन्यांचे चेकही मागितले. ते अण्णांनी दिले नाहीत. म्हणाले, नवा करार होईल तेव्हा बघू.

नवा करार माझ्याकडे झाला, नोंदवून. त्यात चेकबद्दलचं कलम मी तेव्हापासून सगळ्यांना घालते तेच आहे. चेक किंवा खात्यातून आपोआप जाणारं भाडं परत आलं तर घरमालकाच्या बँकेनं प्रत्यक्ष कापलेली रक्कम, नोंद दाखवून, एका चेकमागे एकदाच. उशिरावर पंधरा टक्के सरळ व्याज, पगाराचा पुरावा दाखवला तर पहिले पाच दिवस माफ. कोर्ट-वकिलाचा खर्च कोर्ट ठरवेल तो. यातला ‘एकदाच’ हा शब्द घरमालकांना खुपतो आणि ‘नोंद दाखवून’ त्याहून जास्त. जेलरोडच्या एका काकूंची मुलगी कॅलिफोर्नियात असते. तिनं व्हिडिओ कॉलवर सांगितलं की तिकडे परत आलेल्या चेकची फी कायद्यानंच बांधलेली आहे, पहिल्यांदा पंचवीस डॉलरपर्यंत, पुढे पस्तीस. काकू मला म्हणाल्या, मग आपणही दोन हजार लिहू की, तेवढेच होतात. मी म्हटलं, काकू, तिथलं भाडंही लिहायचं का मग? काकू हसल्या, आणि कलम जसं होतं तसं राहिलं. सगळे हसत नाहीत. एक जण रोजचे दोनशे हवेत म्हणून अडून बसले. त्यांना कलम ७४ दाखवलं, तर म्हणाले, ‘मिळो न मिळो, लिहा तर खरं, वचक राहतो.’ ते समोरच्या दुकानात गेले, तिथे लिहून मिळालं.

परवा चंद्रपूरचाच दुसरा एक वेल्डर आला, पहिल्याच्या ओळखीचा. कलम वाचून झाल्यावर त्यानं विचारलं, ‘ताई, खोली सोडताना डिपॉझिट हे चेकनं देतीन, अन् तो चेक परत आला तं?’ शेजारी घरमालक बसले होते. मी ‘घरमालकाने डिपॉझिटपोटी दिलेला चेक परत आल्यास वरीलप्रमाणेच’ अशी ओळ टाइप करून स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. त्यांनी ती दोनदा वाचली आणि म्हणाले, डिपॉझिट रोख देतो, ही ओळ काढा. वेल्डर म्हणाला, असू द्या. अंगठे अजून झालेले नाहीत; घरमालक मुलाला विचारून येतो म्हणालेत.